घरगुती नानकटाईसाठी साधनांची निवड



नाचणीची आणि ज्वारीची नानकटाई भाजून विकण्याचे काम अनेक गावांत बचत गटांनी हाती घेतले आहे. माझा विषय कृषिविद्या, भट्टी नव्हे. तरीही आज साधनांविषयी बोलतो, कारण एकदा वापरून फेकलेली वस्तू शेवटी आपल्याच उकिरड्यावर येते.

तूप लागलेली प्लॅस्टिकची पिशवी जनावर वासाने ओढून खाते. ती पचत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत राहते. भूक मंदावते, रवंथ कमी होते, पोट फुगते, दूध घटते. गोळा मोठा झाला की शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. गाईच्या औषधपाण्याचा खर्च नानकटाईच्या हिशेबात कोणी धरत नाही, एवढेच.

आता ट्रे पाहू. फॉईलचे एकदाच वापरायचे ट्रे घेऊ नयेत. जाड ॲल्युमिनियमचा ट्रे घ्यावा. त्यातून उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते. स्टीलच्या पातळ ताटात काही नानकटाई करपते, काही कच्ची राहते. ट्रे काळा असल्यास खालची बाजू लवकर तांबूस होते, म्हणून दोन-तीन मिनिटे आधी पाहावे. दही घातलेला केक मात्र ॲल्युमिनियममध्ये न करता स्टीलच्या डब्यात करावा.

बटर पेपरवर पुष्कळ पैसे जातात, आणि ते बहुधा विनाकारण. नानकटाईत तूपच इतके असते की ती ट्रेला चिकटत नाही. केकच्या भांड्याला तुपाचा हात फिरवून चमचाभर कोरडे पीठ भुरभुरावे व भांडे उलटे करून ठोकावे. शिवाय कागद मेणाचा निघाला तर भट्टीत मेण वितळून धूर होतो. सिलिकॉनची चटई पुष्कळ दिवस टिकते, पण नानकटाईपुरती ती घेण्याची गरज नाही. कागदी कपांऐवजी घरातल्या स्टीलच्या वाट्या वापराव्यात.

कागद म्हटला की तो कुजतोच, असे समजू नये. आतून प्लॅस्टिकचा थर दिलेले कप व द्रोण खताच्या खड्ड्यात टाकले तर कागद कुजतो, पापुद्रा उरतो, आणि शेणखताबरोबर तो शेतात जातो. अंड्याची टरफले मात्र चुरून खुशाल टाकावीत.

नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. वर्तमानपत्रात बांधू नये. शाई तुपात उतरते, आणि २०१८ च्या केंद्रीय अन्न वेष्टन नियमांनुसार त्यास मनाईही आहे. गावातील नेहमीच्या गिऱ्हाइकांना क्रमांक घातलेले स्टीलचे डबे अनामत घेऊन द्यावेत. डबा परत आला की धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा भरावा.

लांबच्या बाजारासाठी मात्र अन्नपदार्थांचे हवाबंद पाकीट वापरावेच लागेल. माल सादळून परत आला तर नाचणी, तूप आणि इंधन सारेच वाया जाते. तेथे पाव किलोच्या दोन पाकिटांऐवजी अर्ध्या किलोचे एक भरावे. खराब पाकिटे व कापलेले तुकडे चुलीत जाळू नयेत. झाकणाच्या डब्यात, गोठ्यापासून दूर ठेवावेत आणि ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यावेत.