स्वित्झर्लंडांतील प्रवासी आणि फ्रँकचा हिशेब

युरोपच्या सफरीस निघालेला प्रवासी बहुधा पाकिटांत युरो भरून घेतो आणि निश्चिंत होतो. स्वित्झर्लंडची हद्द लागली कीं ही निश्चिंती संपते. हा देश युरोपीय संघांत नाहीं. १८५० सालापासून तेथें फ्रँक हेंच चलन आहे. पुष्कळ दुकानदार युरोच्या नोटा घेतात खऱ्या, परंतु दर त्यांच्या मर्जीचा, आणि उरलेले पैसे परत मिळतात ते बहुधा फ्रँकमध्यें.

खरी मेख कार्डाच्या यंत्रांत आहे. झुरिकच्या दुकानांत कार्ड लावतांच कित्येकदां पडद्यावर दोन आकडे उमटतात, एक फ्रँकचा व दुसरा रुपयांचा. परमुलखांत ओळखीचें चलन दिसलें म्हणजे बोट आपोआप तिकडे वळतें. पण रुपये निवडले कीं विनिमयाचा दर यंत्रामागील मंडळी ठरविते व आपली दलाली त्यांतच मिसळून घेते. हा दर शेंकडा पांच चढा धरला तरी चारशें फ्रँकांच्या बिलावर वीस फ्रँक गेले. इतकें करून प्रवाशाच्या बँकेचा आकार पुष्कळदां चुकत नाहीं तो नाहींच! निवृत्तिवेतनांतून पैसा पैसा साठवून आलेल्या वृद्ध दांपत्यानें हें दान कोणासाठीं करावें? तेथें फ्रँकच निवडावे. पैसे काढण्याच्या यंत्रानें हाच प्रश्न केला तर उत्तरहि हेंच.

पूर्वीं जाऊन आलेले आप्त कधीं कधीं उरलेल्या नोटा प्रेमानें हातीं देतात. त्या नीट पाहाव्या. आठव्या मालिकेच्या नोटा ३० एप्रिल २०२१ रोजीं चलनांतून काढल्या गेल्या. दुकानांत त्या चालत नाहींत. स्विस राष्ट्रीय बँक मात्र त्या मुदतीच्या अटीविना बदलून देते. नाण्यांची तऱ्हा अगदीं उलट : दहा रापनचें १८७९ सालचें नाणें अद्यापि चालतें.

उपाहारगृहाच्या बिलांत सेवेचा आकार धरलेलाच असतो. वर कांहीं ठेवणें ऐच्छिक. पाण्याची बाटली विकत घेण्याचेंहि सहसा कारण नाहीं. एकट्या झुरिक शहरांत बाराशेंहून अधिक सार्वजनिक कारंजीं आहेत, आणि मनाईची पाटी नसेल तेथें तें पाणी खुशाल प्यावें.

परततांना नाणीं मात्र तेथेंच खर्चून टाकावीं, कारण आपल्याकडील सराफे सहसा नोटाच घेतात. पांच फ्रँकचें एक नाणें खिशांत विसरलें, तर २०२५ सालच्या भावानें पांचशें रुपयांच्या घरांतील रक्कम खेळणें म्हणून नातवाच्या हातीं जाते.