गाण्यातला अँथनी आणि खरा अँथनी

आजचा विषय एक नाव, जे तुम्ही लग्नाच्या वरातीत शंभर वेळा ऐकलंय. अँथनी गोन्साल्विस. १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’, भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ, ते गाणं. हे नाव एका खऱ्या माणसाचं आहे. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातले प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, ते हे गुरू. आर. डी. बर्मनही त्यांचेच शिष्य.

जन्म १९२७ चा, गोव्यात माजोर्ड्याचा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, हा मुलगा मुंबईत आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला.

आता प्रश्न असा, की हिंदी सिनेमाला गोव्याचे इतके वादक का लागायचे? आपल्याकडे गाणं गुरूच्या तोंडून शिकायचं आणि कानात साठवायचं. मैफिलीला ते पुरतं. पण स्टुडिओत डझनावारी वादक एकदम वाजवणार असतील, तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलं ते स्वरलेखन लहानपणीच शिकायची. संगीतकार चाल द्यायचा. पण व्हायोलिननं कुठे शिरायचं, चेलोनं खाली काय धरायचं, ट्रम्पेटनं कधी गप्प बसायचं, हे सगळं अरेंजर लिहायचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन एकाचं, कोड दुसऱ्याचा. एकावाचून दुसरा अडणारच.

यातले कित्येक जण रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यातलाच. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) बघा, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. चिक आणि त्याची मंडळी त्यात पडद्यावरही दिसतात.

अँथनींचं मन मात्र वेगळ्या कोड्यात अडकलं होतं. राग म्हणजे सुरांची एकच वाट. पाश्चात्त्य हार्मनीत मात्र अनेक सूर एकदम वाजतात. त्यातला एखादा सूर रागात नसला की राग मोडला! मग दोन्ही एकत्र कसं नांदवायचं? त्यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. ‘सोनातिना इंडियाना’, ‘कॉन्चेर्टो इन राग सारंग’ या त्यांच्या रचनांची नुसती नावं बघा, कोडं लगेच कळेल.

१९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२ मध्ये गेले. मराठी सिनेसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केलाय.

मला यात खटकतं ते एवढंच. आमच्या कामात कोणती ओळ कोणी लिहिली, याची नोंद कायम राहते. सिनेमात मात्र संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि अरेंजरचं बहुतेक वेळा नाहीच. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घालून त्याची थोडी भरपाई केली. पण आपल्याला वाटलं, ते नुसतं पात्र आहे!

तर आज एक करा. हेडफोन लावा, पन्नासच्या दशकातलं कोणतंही गाणं लावा आणि एकदा गायकाकडे चक्क दुर्लक्ष करा. मागे व्हायोलिनं काय बोलतायत, तेवढंच ऐका. ते कोणीतरी बसून लिहिलंय.

भेटू पुढच्या भागात.