तीन वर्षांचं अनुदान, साठ वर्षांची मगर



माकड आणि मगरीची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. तिच्यात माकड शहाणं आणि मगर लबाड. गजेंद्रमोक्षाच्या कथेत आपण हत्तीच्या बाजूने असतो. कुणी खोटं रडू लागलं की आपण म्हणतो, हे नक्राश्रू. मगरीविषयी बरा शब्द आपल्या भाषेत शोधूनच काढावा लागेल. मी कविता लिहिणारा माणूस. हिशेबाशी माझा संबंध बेताचाच. पण अशा नावडत्या प्राण्यासाठी समाजाकडे पैसे मागणं हे शब्दांचंच काम आहे, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावर ‘मद्रास क्रोकोडाइल बँक’ आहे. रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी सहकाऱ्यांसह १९७६ साली ती सुरू केली. झाई मुंबईत वाढलेल्या, पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नात्यातल्या. त्या काळी कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांब निमुळत्या तोंडाचं घडियाल, या आपल्याकडच्या तिन्ही जाती संकटात होत्या. बँकेत ठेव ठेवावी तसे काही जीव इथे सांभाळायचे आणि वाढवायचे, ही नावामागची कल्पना. हे प्राणिसंग्रहालय सरकारचं नाही, महापालिकेचंही नाही. ते एका न्यासाचं आहे आणि नफा हा त्याचा हेतू नाही.

मग रोजचा खर्च कुठून येतो? पहिली वाट म्हणजे दारावरचं तिकीट. ही वाट किती कच्ची आहे हे २०२० च्या मार्चमध्ये दिसलं. टाळेबंदीत दार बंद झालं, सुट्टीचा हंगाम गेला. दुकानाला कुलूप लावलं की निदान माल आणणं थांबतं. मगरीच्या भुकेला कुलूप लागत नाही आणि तिला सांभाळणाऱ्या माणसाची चूलही थांबत नाही. तेव्हा या संस्थेला लोकांकडे मदतीचं आवाहन करावं लागलं.

दुसरी वाट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०१४ पासून ही तरतूद लागू आहे आणि मान्य कामांच्या यादीत प्राणिकल्याण व वन्यजीवरक्षणही आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. म्हणजे कंपनीने तळ्यापाशी आपल्या साबणाचा फलक लावून पैसे दिले, तर ते जाहिरातीच्या खात्यातले; सामाजिक जबाबदारीतले नव्हेत. हा फरक पैसे मागणाऱ्याने आधीच सांगायला हवा, नाहीतर पुढे दोघांचीही अडचण होते.

तिसरी वाट परदेशी अनुदानांची. तिथे २०२० च्या दुरुस्तीनंतर सगळी रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावी लागते आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

या सगळ्या वाटा एकत्र आणणारा माणूस अशा संस्थेत असावा लागतो. अर्ज कधी द्यायचा, अहवाल कधी पाठवायचा, कोणत्या पैशातून काय घेता येईल आणि काय घेता येणार नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. पंपासाठी आलेले पैसे पंपालाच लावायचे. खाद्य संपलं म्हणून ते तिकडे वळवता येत नाहीत. अर्जात एक रकाना असतो, ‘लाभार्थींची संख्या’. तिथे मगरी मोजायच्या की शाळेच्या सहलीला येणारी मुलं? बहुतेक वेळा मुलंच मोजावी लागतात, कारण देणाऱ्याला माणसाचा चेहरा लागतो.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. देणाऱ्याला आरंभ आवडतो. नवं तळं, नवं दालन, फीत, छायाचित्र. कंपन्यांच्या निधीतून चालणारा दीर्घ प्रकल्पसुद्धा, सुरुवातीचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षांचा धरला जातो. आणि मगर सहज पन्नास-साठ वर्षं जगते. फीत कापणारे साहेब निवृत्त होतात, कंपनीचं नावही कधी बदलतं, आणि ती मगर त्याच तळ्याच्या काठी ऊन खात पडलेली असते. तिच्या चौथ्या वर्षाचं काय, दहाव्या वर्षाचं काय, हा प्रश्न कोणत्याच छापील अर्जात नसतो.

यश मिळालं तरी प्रश्न सुटत नाही. इथे मगरींची वीण इतकी वाढली की जागा अपुरी पडू लागली. एक हजार मगरी गुजरातमध्ये जामनगरच्या केंद्राकडे हलवण्याचं ठरलं. त्याविरुद्धची याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली फेटाळली. ठेव वाढली, पण ती ठेवायची कुठे, असा हा पेच. वाचवलेला प्रत्येक जीव पुढच्या अनेक वर्षांचा खर्च सोबत घेऊन येतो.

म्हणून मला वाटतं, निधी गोळा करणाऱ्याचं मोठेपण मोठी रक्कम आणण्यात नाही. तीन-तीन वर्षांचे तुकडे एकमेकांना जोडून साठ वर्षांची गोधडी शिवणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याला कधी देणाऱ्याला सांगावं लागतं, ‘साहेब, तुमचं नवं दालन नको. आहे त्या तळ्याचं पाणी बदलायला पैसे द्या.’ हे सांगायला धीर लागतो, कारण समोरचा उठून जाऊ शकतो. आणि ऐकून घ्यायला मोठं मन लागतं, कारण बदललेल्या पाण्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही.

आपल्यापैकी कुणी एखाद्या कंपनीत अशा खर्चाचा निर्णय घेणारे असाल, कुणी वाढदिवसाला एखादा प्राणी दत्तक घेणारे असाल. देताना एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे कोणत्या खर्चाला कुणीच पैसे देत नाही? उत्तर साधंच येईल. मासळी, औषध, विजेचं बिल, राखणदाराचा पगार. त्यातलं काहीतरी उचला. मगर आभार मानणार नाही, ती अश्रूही ढाळणार नाही. पण उद्या सकाळी तिच्या तळ्यात पाणी स्वच्छ असेल.