ताश्कंद : काँक्रीटला लावलेली जाळी

इयरफोन लावलेत ना? आज आपण ताश्कंदला जाणार आहोत.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातली एकच ओळ आठवते. जानेवारी 1966, भारत-पाकिस्तान करार आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींचं निधन. माझंही ज्ञान तेवढंच होतं. पण शास्त्रीजींनी जे ताश्कंद पाहिलं, त्यातलं बरंचसं पुढच्या काही महिन्यांत नाहीसं झालं. 26 एप्रिल 1966 ला पहाटे भूकंप झाला. तीव्रता पाचच्या थोडी वर, म्हणजे ऐकायला फार नाही. पण केंद्र थेट शहराखाली आणि अगदी उथळ होतं. घरं कच्च्या विटांची. मृतांचा सरकारी आकडा छोटा होता, पण सुमारे 3 लाख लोक बेघर झाले.

मग सोव्हिएत संघातल्या वेगवेगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकामाच्या तुकड्या आल्या आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जवळपास नवंच शहर उभं राहिलं.

मागच्या वर्षी मी चार दिवस तिथे होतो. टॅक्सीतून पहिल्यांदा त्या चाळीसारख्या लांबलचक इमारती दिसल्या, तेव्हा मनात आलं, हे तर कॉपी-पेस्ट आहे! कारखान्यात भिंतीचे तयार पॅनेल बनवायचे, जागेवर आणून जोडायचे. सेम टू सेम.

दुसऱ्या दिवशी पायी फिरलो आणि मत बदललं. त्या 'सेम' इमारतींच्या आंधळ्या बाजूंवर, म्हणजे जिथे खिडक्या नसतात त्या भिंतींवर, चार-चार मजली मोझेक आहेत. यातली कितीतरी झार्स्की नावाच्या तीन भावांनी केली. आणि सरकारी इमारतींवर सगळीकडे जाळी! तिकडे तिला 'पंजारा' म्हणतात, आपल्या पिंजऱ्याच्या जवळचाच शब्द वाटतो. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून काचेच्या पुढे ही जाळी, ऊन अडवायला. 1970 चं लेनिन म्युझियम घ्या. आज तिथे इतिहासाचं संग्रहालय आहे. किंवा 1974 चं हॉटेल उझबेकिस्तान घ्या, उघडून उभं ठेवलेल्या पुस्तकासारखं. आराखडा मॉस्कोच्या वळणाचा, पण अंगावरचा कपडा इथला. 1980 च्या आसपासचा चोरसू बाजार तर थेट निळा घुमट आहे. खाली मांस, लोणची, दही आणि वर मान केली की एखाद्या मदरशात उभे आहोत असं वाटतं.

आणि मेट्रो! 1977 मध्ये सुरू झाली, मध्य आशियातली पहिली. प्रत्येक स्टेशन वेगळं. 'कोस्मोनावत्लार' स्टेशनच्या भिंती निळ्या आहेत, आणि त्यांवर गागारिन आणि तेरेश्कोवासोबत 15 व्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ उलुगबेगही आहे. 2018 पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, कारण मेट्रो हा युद्धकाळातला आसराही मानला जायचा.

आता खरा मुद्दा. मी जिथे उतरलो होतो, तिथल्या मावशी साठीच्या पुढच्या. भूकंपाच्या वेळी लहान होत्या. भाषांतराच्या ॲपवर आमच्या गप्पा चालायच्या. मी उत्साहात म्हटलं, "काय सुंदर शहर बांधलंय!" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या अंगणात जर्दाळूचं झाड होतं. घर पडलं नव्हतं, फक्त भेग गेली होती. तरी पाडलं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण फ्लॅटमध्ये नळाला पाणी आलं. आई खूश होती."

मी गप्पच झालो. कारण ज्या वास्तुकलेच्या मी प्रेमात पडलो होतो, ती जुने मोहल्ले पाडूनच उभी राहिली होती. भूकंपाने जे पाडलं नाही, तेही नकाशाने पाडलं.

आणि आता पाळी या इमारतींची. 1980 च्या दशकात बांधलेलं सिनेमागृह 'दोम किनो' काही वर्षांपूर्वी नव्या बिझनेस डिस्ट्रिक्टसाठी पाडलं गेलं. लोक हळहळले, चिडले. त्यानंतर या काळातल्या इमारतींची नीट नोंद सुरू झाली आणि काहींना राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालं. पण ते मोठ्या, नावाजलेल्या इमारतींना. मोझेकवाल्या साध्या घरांचं काय? तिथे लोक राहतात. त्यांनी बाल्कन्या बंद करून खोल्या काढल्यात, अगदी आपल्याकडे गॅलरी बंद करतात तशा. त्यांना लिफ्ट हवी, नवे पाइप हवेत. त्यांना "हात लावू नका, हा वारसा आहे" असं चार दिवसांचा पाहुणा कसं सांगणार?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक जुना मॉड्यूल 'कचरा' म्हणून उडवला होता. दोन रात्री जागून परत आणावा लागला, कारण त्यातल्या विचित्र दिसणाऱ्या प्रत्येक ओळीला कारण होतं. तेव्हापासून माझा नियम आहे, आधी वाचायचं, मग उडवायचं. सगळं ठेवलंच पाहिजे असं नाही. पण ही जाळी इथे का आहे, हे पाडणाऱ्याला माहीत हवं. आणि इथे आधी कुणाचं झाड होतं, हे जपणाऱ्यालाही.

तुमच्या गावात 1970-80 मधली एखादी सरकारी इमारत असेलच. एसटी स्टँड, टपाल कार्यालय, नाट्यगृह. आपण तिला 'डबडा' म्हणतो. या रविवारी पाच मिनिटं तिच्यासमोर उभे राहा, आणि तिथे रोज येणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा, आधी इथे काय होतं? उत्तर मला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवेन.

भेटू लवकरच. काळजी घ्या!