बीअर कारखाना आणि नाथसागराचे पाणी

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



बीअरचा कारखाना पाण्यामागे जातो. १९ व्या शतकात एडवर्ड डायर यांनी कसौलीला काढलेला कारखाना सोलनला हलला, कारण तेथे झऱ्यांचे पाणी मुबलक होते. कसौलीच्या जुन्या जागेत दारू गाळण्याचे काम उरले. मराठवाड्यात असा डोंगरी झरा कोठला? वाळूज-चिकलठाण्याच्या बीअर कारखान्यांचा झरा म्हणजे पैठणचा नाथसागर. तो जनतेच्या पैशातून, शेतकऱ्यांच्या बुडालेल्या जमिनींवर उभा राहिला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा उद्दिष्ट सांगितले गेले ते सिंचनाचे.

२००३ च्या राज्य जलनीतीने पाणीवाटपात उद्योगाला शेतीच्या आधी बसविले. २०११ साली हा क्रम फिरवावा लागला. तरीही २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना, मद्य कारखान्यांचे पाणी ६० टक्के कापण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. उद्योगांच्या वापराहून अधिक पाणी बाष्पीभवनाने उडते, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. परंतु बाष्पीभवन उन्हाने होते, वाटप मात्र मंत्रालयाच्या सहीने. आणि जाब सहीचाच मागता येतो.

आपल्या जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ खडकपूर्णा प्रकल्प आहे. त्यातील किती पाणी कोणासाठी राखले आहे, तो कागद कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपूर्वी कार्यकर्त्यांनी मागून घ्यावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावा.