काळ्या ट्रंकेतला कागद
(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी सैनिक वर्गमित्राने केलेले भाषण)



चाळीस वर्षांनी आपण एकाच छपराखाली बसलोय. सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि सीमेवरचे अनुभव सांगायला सांगितलंय. बर्फाच्या आणि बंदुकीच्या गोष्टी तुम्ही माझ्याकडून प्रत्येक सुट्टीत ऐकल्यात, काही तर प्रत्येक वेळी थोड्या वाढलेल्या. म्हणून आज मी त्या सांगणार नाही. आज एका कागदाबद्दल बोलतो.

आपल्या माणदेशात पोरं पलटणीत का जातात हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस दगा देतो, पलटण देत नाही. १९८५ साली आपल्या तुकडीतले आम्ही काही जण भरतीला उभे राहिलो. मी घेतला गेलो, आणि आपल्या वर्गात सगळ्यात जोरात पळणारा जो होता तोही घेतला गेला. त्याचं नाव मी घेणार नाही. तुम्ही ओळखलंच असेल. त्याच्या घरच्यांना विचारूनच मी हे बोलतोय.

आधी माझी गोष्ट सांगतो. चोवीस वर्षं नोकरी करून २००९ साली मी हवालदार म्हणून घरी आलो. गुडघा कामातून गेलेला, डाव्या कानानं कमी ऐकू येणारं. सुटण्याआधी माझा मेडिकल बोर्ड झाला. डॉक्टर तपासतात, अपंगत्व किती टक्के आहे ते लिहितात, आणि ते नोकरीमुळे आलं की नाही तेही लिहितात. माझे तीस टक्के लिहिले होते. सही कुठं करायची ते एकानं बोटानं दाखवलं आणि मी केली. कागद वाचला नाही. घरी जायची घाई होती. चोवीस वर्षांची घाई म्हणा. पुढे पोस्टानं एक पत्र आलं. त्यात एक इंग्रजी वाक्य होतं: नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल टु, नॉर अ‍ॅग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस. मी ते पत्र घडी घालून पलटणीच्या काळ्या ट्रंकेत, गणवेशाखाली ठेवून दिलं. साहेबाचं पत्र आलंय म्हणजे विषय संपला, एवढंच आम्हाला ठाऊक.

इंग्रजीचे सर इथे समोर बसलेत. सर, नायदर-नॉर तुम्ही आम्हाला नववीत शिकवलंत. फळ्यावर दोन वाक्यं लिहून, 'हेही नाही आणि तेही नाही' असा अर्थ सांगितला होता. ते वाक्य माझ्या आयुष्यात पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडायची वेळ आली, तेव्हा मी ट्रंकेला कुलूप लावलं.

त्या वाक्याचा अर्थ साधा आहे. तुमचं दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही, म्हणून त्याची पेन्शन नाही. पण ते वाक्य शेवटचं नसतं, हे मला २०१५ साली कळलं. पुण्यात पलटणीतला एक जुना साथीदार भेटला. तो म्हणाला, "आरं, तू अपील केलंस का?" मी म्हणालो, "कशाचं?" त्यानं कपाळावर हात मारला.

त्यानं सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण आज या मंडपात कुणाचा भाऊ, कुणाचा जावई, कुणाचा पोरगा फौजेत आहे किंवा होता.

असं नाकारणारं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करता येतं. तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतरही दाद मागायची असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, आणि २००९ पासून ते सुरू आहे. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक माजी सैनिकानं पाठ करावेत, आपण पाढे पाठ केले तसे. पहिला २ जुलै २०१३ चा, धरमवीर सिंग यांचा. सिग्नल्समधला हा जवान, सुमारे नऊ वर्षं नोकरी झाल्यावर फिट येतात म्हणून घरी पाठवला गेला. न्यायालयानं सांगितलं: भरतीच्या वेळी डॉक्टरांनी धडधाकट म्हणून घेतला, तेव्हा कागदावर कसल्याही आजाराची नोंद नव्हती, तर तो आजार नोकरीत झाला असंच धरायचं. नोकरीमुळे झाला नाही असं म्हणायचं असेल तर ते सरकारनं दाखवायचं, जवानानं नाही. आणि मेडिकल बोर्डानं नुसतं 'नाही' लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं.

दुसरा १० डिसेंबर २०१४ चा, राम अवतार यांचा. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेऊन पेन्शन द्यायची पद्धत आहे. पन्नासच्या आतली टक्केवारी पन्नास धरतात, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, आणि त्याच्या वर असेल तर शंभर. आधी हा फायदा फक्त मुदतीआधी बोर्ड आउट होऊन घरी आलेल्यांना मिळायचा. या निकालानं तो नोकरी पूर्ण करून सुटलेल्यांनाही मिळू लागला. अट एवढी, की अपंगत्व किमान वीस टक्के हवं आणि ते नोकरीमुळे आलेलं किंवा वाढलेलं हवं.

गणिताच्या बाईंसाठी हिशेब मांडतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के रक्कम मिळते. समजा पगार ३०,००० रुपये. शंभर टक्क्यांना ९,००० झाले. तीस टक्के अपंगत्वाला २,७००. पण तीसचे पन्नास धरले की ४,५००. वर महागाई भत्ता, आणि हे सगळं नेहमीच्या पेन्शनशिवाय. दुष्काळाच्या सालात दावणीच्या जनावरांना पुरेल इतका चारा त्यात येतो.

मी २०१६ साली मुंबईला अर्ज केला. २०१९ साली माझ्या बाजूनं निकाल लागला. पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. तसा नियमच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली तरसेम सिंग यांच्या खटल्यात तो घालून दिलाय. म्हणजे २००९ ते २०१३ ची चार वर्षं गेली. ती कुणी चोरली नाहीत. ती माझ्या ट्रंकेत कुलूपबंद होती. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत मी बैलांपाशी झोपायचो, तेव्हा तो कागद घरी गणवेशाखाली होता.

आता आपल्या मित्राची गोष्ट. ती सांगायला मला जड जातंय.

त्याला नोकरीच्या नवव्या वर्षी फिट येऊ लागल्या. १९९४ साली तो बोर्ड आउट होऊन घरी आला. दहा वर्षंही भरली नव्हती, त्यामुळे एकरकमी थोडे पैसे मिळाले, पेन्शन नाही. गावात तो सांगायचा, "मीच सोडून आलो. कंटाळलो." आपण सगळ्यांनी ते मानलं. काही जण पाठीमागं म्हणायचे, काहीतरी लफडं केलं असणार, म्हणून काढलं. हे मीसुद्धा ऐकलं आणि गप्प राहिलो. बोर्ड आउट म्हणजे शिक्षा नव्हे, तो आजार आहे, हे फौजेत असून मी कधी मोठ्यानं बोललो नाही.

तो कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन होता. २०१६ च्या रथाला आम्ही भेटलो. मार्गशीर्षातली गर्दी, गुलाल उधळलेला, सिद्धनाथाचा रथ पुढं सरकत होता. आम्ही बाजूला उभं राहून अर्धा तास बोललो. पावसाबद्दल, राजेवाडीच्या तलावात पाणी किती आहे त्याबद्दल, पोरांच्या नोकरीबद्दल. तेव्हा माझा अर्ज मुंबईला गेला होता. धरमवीर सिंगांचा निकाल माझ्या पिशवीत होता. नऊ वर्षं नोकरी, फिटचा आजार, बोर्ड आउट: त्याचीच गोष्ट त्यात लिहिली होती. आणि मी त्याला विचारलं नाही, "लेका, तुझा कागद कुठाय?" त्याला वाईट वाटेल, असं मला वाटलं.

२०१७ साली तो गेला. दहाव्याला मी गेलो तेव्हा वहिनींनी काळी ट्रंक पुढं ओढली आणि विचारलं, "भावजी, ह्या कागदांचं काय करू? नदीला सोडू का?" गणवेशाखाली, घडी घातलेलं, तेच वाक्य होतं. नायदर, नॉर.

मी म्हणालो, "वहिनी, नदीला काहीच सोडायचं नाही."

त्यांचा दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सांगतो. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं सरकार कायम ठेवत नाही, ठरावीक वर्षांनंतर ती नष्ट होतात. म्हणजे वहिनींनी तो कागद माणगंगेत सोडला असता तर त्याच्या आजाराचा लेखी पुरावा हाती उरलाच नसता.

म्हणून आज माझं मागणं आहे. घरी जाऊन ट्रंका उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, सुटतानाच्या मेडिकल बोर्डाचा कागद, जखम झाली असेल तर तिचा रिपोर्ट, दवाखान्यातली डिस्चार्ज स्लिप, आणि नाकारल्याचं पत्र. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. बोर्डाचा कागद हाती नसेल तर माहिती अधिकारात तो मागता येतो. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे; अर्ज कसा लिहायचा, कुणाला पाठवायचा हे तिथले लोक सांगतात. पेन्शन आता प्रयागराजहून 'स्पर्श' या संगणक प्रणालीतून येते. तीत नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का ते बघून घ्या. एका अक्षराचा फरक माणूस गेल्यावर बायकोला वर्षभर हेलपाटे घालायला लावतो. आणि हयातीचा दाखला दरवर्षी न चुकता.

औषधपाण्याचंही तसंच. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. पेन्शन घेणारा प्रत्येक माजी सैनिक, अपंगत्वाची पेन्शन घेणारासुद्धा, तिचा सभासद होऊ शकतो. बायको आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. आधी पॉलिक्लिनिकला जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन यादीतल्या रुग्णालयात. पण छातीत कळ आली तर कुणी म्हसवडहून आधी साताऱ्याला चिठ्ठीसाठी जायचं नाही. जवळ असेल त्या दवाखान्यात दाखल करा, आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. यादीबाहेरचा दवाखाना असेल तर बिल आधी आपण भरायचं, मग मागायचं. सरकारी दरानं मिळतं. ते ४८ तास घरातल्या बाईमाणसाला ठाऊक हवेत, कारण त्या वेळी आपण खाटेवर असतो.

ज्यांची पोरं आत्ता नोकरीत आहेत त्यांनी एवढंच सांगा: जखम झाली की रिपोर्ट त्याच दिवशी लिहून घे, आणि वाचल्याशिवाय सही करू नको. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाचे नवे नियम लागू झालेत. त्यानंतर सुटणाऱ्यांना माझ्या काळची माहिती पुरणार नाही. त्यांनी नवे नियम वाचूनच बोर्डापुढं बसावं.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तुम्हाला ठाऊक आहेत. ईएमईमधला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली, शेहेचाळीस वर्षांनी. सुवर्णपदक जिंकलेल्या माणसाला एवढी वाट पाहावी लागली. रात्रपाळीच्या वॉचमनला शोधत कोण येणार? आपणच जायला पाहिजे.

मी रविवारी सकाळी घरीच असतो. चहा माझ्याकडं. कागद घेऊन या. इंग्रजी अडलं तर सर आहेत, त्यांनी आत्ताच मान हलवली. आणि ज्याच्याकडं कागद असेल असं वाटतं पण जो बोलत नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. विचारा.

आपला मित्र पळताना कधी मागं वळून बघायचा नाही. आज तो असता तर या मंडपात मागच्या बाकावरच बसला असता. वहिनी आल्यात. जेवताना त्यांच्या पंगतीला बसा.

जय हिंद.