पंपानें वाफ धरली म्हणजे

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या मळ्यांत किंवा मागल्या विहिरीवर पंप आहे, त्यांना "पंपानें हवा धरली" ही तक्रार नवी नाहीं. मोटार फिरते, पण पाणी कांहीं वर येत नाहीं. मग वरचें बूच काढून आंत पाणी ओततात, कोंडलेली हवा बुडबुडत निघून जाते, आणि पंप पूर्ववत् चालूं लागतो. खतांच्या कारखान्यांत द्रवरूप अमोनिया ढकलणाऱ्या पंपाचें दुखणें याच जातीचें आहे. फरक एवढाच कीं, तेथें हवा बाहेरून शिरत नाहीं. ज्या द्रवाला ढकलावयाचें, त्याच्याच पोटीं वाफ जन्मास येते.

मायकेल फॅरडे यानें 1823 सालीं अमोनियाचा द्रव केला, तो बंद नळींत, थेंबाथेंबानें. आज तो प्रचंड टाक्यांतून, हवेच्या साध्या दाबाच्या जवळपास, उणे 33 अंशांवर सांठवितात. आणि उणे 33 हाच त्याचा उत्कलनबिंदु! म्हणजे हा द्रव सदैव उकळीच्या उंबरठ्यावर उभा. दाब किंचित् उतरला किंवा बाहेरची ऊब लागली कीं वाफ झालीच. पंपाचें चक्र द्रवाला गरगर फिरवून बाहेर फेकतें, परंतु ही वाफ द्रवाहून साडेसातशे पटींपेक्षां अधिक हलकी. ती फेकून दाब तो किती निर्माण होणार?

म्हणून हे पंप उभे बसवितात. जमिनींत एक पोलादी पिंप पुरलेलें असतें. त्यांत लांब दांड्यावर चक्रें एकाखालीं एक, आणि मोटार वर. द्रव पिंपांत शिरून तळाशीं उतरतो व सर्वांत खालच्या चक्रांत जातो. डोक्यावर द्रवाचा स्तंभ असल्यामुळें तेथें दाब अधिक, म्हणून सहसा उकळी फुटत नाहीं. युक्ति सुंदर आहे; पण पिंपाच्या गळ्याशीं, झांकणाखालीं, वाफेला दडून बसावयास आयती जागा मिळते. ती सांचत गेली कीं येणाऱ्या द्रवाची वाट अडविते, नाहीं तर त्याच्याबरोबर ओढली जाऊन चक्रांत शिरते.

उपाय म्हणजे एक बारीक नळी. पिंपाच्या अगदीं वरच्या टोकापासून निघून ती टाकीच्या माथ्याशीं, जेथें द्रव नसून नुसती वाफ असते तेथें, मिळाली पाहिजे. आणि वाटेंत सतत चढती हवी. आराखड्यांत बिचारीला बहुधा शेवटीं जागा मिळते, मग एखाद्या तुळईखालून तिला वळसा देतात. त्या खोलगट भागांत द्रव सांचला कीं नळी असून नसल्यासारखी. तिची झडपही उघडीच राहिली पाहिजे, राखीव म्हणून स्वस्थ उभ्या असलेल्या पंपाचीसुद्धां. ऊब त्यालाही लागतेच.

ही वाफ सरळ आकाशांत कां सोडूं नये? हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 300 भाग झाले तरी तें प्रमाण जीवास तत्काळ धोक्याचें मानतात. टाकींत परतलेली वाफ मात्र कॉम्प्रेसर ओढून घेतो, आणि तिचा पुन्हा द्रव होतो.

खरी कसोटी पंप प्रथम सुरू करतांना. उन्हानें तापलेल्या पोलादावर उणे 33 अंशांचा द्रव पडणें म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा. ती सारी वाफ त्या बारीक नळींतूनच जावयाची. येथें घाई झाली कीं, ज्यांना तोच द्रव वंगणासारखा मिळतो तीं आंतलीं बेअरिंगें कोरडीं घासतात. दांडा बाहेर येतो तेथील गळती रोखणारें सील खराब होतें. आणि जो वायु निमूटपणें टाकींत परतावयाचा, तो कामगाराच्या तोंडासमोर बाहेर पडतो. म्हणून जाणता चालक थोडाथोडा द्रव आंत घेतो आणि पिंपाच्या तळाच्या तापमापकाकडे पाहत राहतो. कांटा टाकींतल्या तपमानाजवळ येऊन स्थिर होईपर्यंत मोटारीच्या बटनाला तो हात लावीत नाहीं.